घरचा कारागीर : गळकी टाकी

जुनी वस्तू विकत घेणाऱ्याला तिचे दोष ओळखता आले पाहिजेत, हे खरे. पण काही वस्तूंचे दोष पाहून कळत नाहीत. खुर्चीचा दोष बसल्यावर कळतो, छत्रीचा पहिल्या सरीला आणि काचेच्या टाकीचा पाणी भरल्यावर. त्यातही खुर्ची मोडली तर बसणाराच पडतो. टाकी गळली तर खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात.

या सदराच्या नित्याच्या वाचकांना आमच्या घरचे शिवणयंत्र, टोल चुकवणारे घड्याळ आणि कुरकुरणारा झोपाळा यांची हकीकत ठाऊक आहे. यंदाच्या दिवाळी अंकासाठी विषय शोधावा लागला नाही. तो चार हमालांच्या खांद्यावरून जिना चढून आमच्या दारात आला : चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी माशांची काचेची टाकी.

टाकी आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांची. पोस्टातून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. आता मुलीकडे नागपूरला कायमचे जायचे ठरले होते. भांडी, कपाटे, पुस्तके यांची व्यवस्था लागली. राहिली ही टाकी आणि टाकीतला एकुलता एक मासा. मासा ऑस्कर जातीचा. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. हा मासा चांगला फूटभर वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षे सहज जगतो. आजोबांकडे तो नऊ वर्षे होता. आजींनी तो बोटाएवढा असताना आणला होता, आणि आजी जाऊन आता चार वर्षे झाली होती. टाकी गळू लागल्यामुळे माशाचा मुक्काम न्हाणीघरातल्या निळ्या पिंपात हलला होता.

आजोबा म्हणाले, "टाकीचे पैसे नकोत. फक्त याला पुन्हा काचेत ठेवा. पिंपातून त्याला माणसं दिसत नाहीत हो."

त्यावर नाही म्हणणे मला जमले नाही. सौ.ला विचारले, तर ती म्हणाली, "अहो, आणा. पण खालच्या काकूंनी कालच छताला रंग दिलाय, तेवढं लक्षात ठेवा."

तेव्हा प्रश्न टाकीचा एकटीचा नव्हता. वर एक मासा होता, खाली काकूंचे नवे छत होते आणि मध्ये मी.

कोणतीही दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी थोडे गणित करावे, असा माझा नेम आहे. चार गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे 9 घनफूट. एका घनफुटात सुमारे 28.3 लिटर पाणी मावते. म्हणजे काठोकाठ भरली तर टाकीत 255 लिटर पाणी. आपण दोन इंच जागा मोकळी सोडतो, म्हणून सव्वादोनशे धरा. पाण्याचे तेवढेच किलो, दहा मिलिमीटर जाड काचेचे पन्नासएक किलो, शिवाय वाळू आणि दगड. एकूण वजन तीनशे किलोच्या पुढे जाते. आपल्याकडे राहत्या घराची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलोचा भार धरून बांधतात. टाकी तर अर्ध्या चौरस मीटरवर सगळे वजन टाकते. म्हणून अशी टाकी खोलीच्या मध्यावर किंवा गॅलरीत कधीही ठेवू नये. भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी, आणि याहून मोठी असेल तर इमारतीचे काम जाणणाऱ्याला आधी विचारावे.

दुसरे गणित अधिक गमतीचे आहे. समोरच्या काचेवर पाणी किती जोराने रेटते? आमच्या टाकीत पाण्याची उंची सोळा इंच धरली, तर तो रेटा सुमारे शंभर किलोचा भरतो. पुष्कळांना वाटते की पाणी जास्त तर रेटा जास्त. तसे नाही. टाकी पुढून मागे दुप्पट रुंद केली तरी समोरच्या काचेवरचा रेटा तेवढाच राहतो. मात्र पाण्याची उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो. उंच टाकी घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. हा शंभर किलोचा रेटा रात्रंदिवस अडवून धरतो कोण? कोपऱ्यातला सिलिकॉनचा एक पातळ थर.

काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा छंद तसा फार जुना नाही. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यघर उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने त्यावर पुस्तक लिहिले. मग विलायतेत घरोघरी टाक्या दिसू लागल्या. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उघडले, आणि मरीन ड्राइव्हवर मासे पाहून आलेल्या किती तरी मुलांनी घरी येऊन टाकीचा हट्ट धरला असेल. त्या काळच्या टाक्या लोखंडी अँगलच्या सांगाड्यात काचा बसवून, फटीत लांबी भरून केलेल्या असत. लांबी ओली आहे तोवर टाकी शहाणी. उन्हाळ्यात महिनाभर कोरडी पडली की लांबी वाळून तडकायची आणि पुन्हा पाणी भरताच सतरंजी भिजायची. पुढे सिलिकॉन आले आणि सांगाडाच नाहीसा झाला. आज काच काचेला नुसती चिकटवलेली असते.

अशा टाकीत सिलिकॉन दोन ठिकाणी असते, आणि हा भेद ज्याला कळला त्याला निम्मी दुरुस्ती कळली. पहिला थर दोन काचांच्या मधोमध, कडेला. तो टाकीला उभी धरतो. दुसरा थर आतल्या कोपऱ्यात, गोलसर लिंपलेला. तो पहिल्याचे पाण्यापासून आणि शेवाळ खरवडणाऱ्या हातांपासून रक्षण करतो. आतला थर सुटला असेल तर तो काढून नवा घालता येतो. काचांच्या मधला थर सुटला असेल, त्यात बुडबुड्यांची रांग किंवा पांढरी झाक दिसत असेल, तर टाकी पूर्ण उकलून पुन्हा जोडावी लागते. आणि काचच तडकली असेल तर ती बदलावी. तड्यावर सिलिकॉन लावणे म्हणजे मोडलेल्या हाडावर चंदन लावणे.

आम्ही टाकी वर न नेता इमारतीच्या वाहनतळातच एका सपाट फळीवर ठेवली. फळीखाली गवंड्याची पाणसळ लावून पाहिली, फळीवर थर्माकोलचा तक्ता घातला. काचेखाली एक खडा राहिला तरी तेवढ्या जागी सगळा भार येतो, म्हणून थर्माकोल. चिरंजीवांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून त्यांच्यावर 1 ते 12 आकडे घातले आणि टाकीच्या कडेने मांडल्या. मग चार इंच पाणी भरले आणि थांबलो. काही नाही. आणखी चार इंच. पंधरा मिनिटांनी सात नंबरची पट्टी ओली.

येथे घाई करणारा माणूस सात नंबरच्या जागी सिलिकॉन लावून मोकळा होतो. पण पाणी जेथे दिसते तेथूनच ते निघालेले असते असे नाही. ते कडेकडेने धावते आणि सोयीची जागा पाहून ठिबकते. कोरड्या कापडाने कड पुसून, खालून वर पाहत गेलो तेव्हा दिसले की पाणी डाव्या मागच्या उभ्या सांध्यातून, तळापासून पाच इंचांवरून येत होते आणि दीड फूट प्रवास करून सातव्या पट्टीवर उतरत होते. त्या सांध्याला आतून हात लावला तर सिलिकॉनचे दोन थर लागले. मागे कधी तरी कोणी कारागिराने जुन्या थरावर नवा थर लिंपला होता. तो आता सालीसारखा सुटत होता.

सिलिकॉनचा स्वभावच असा आहे. ते स्वच्छ काचेला धरते ते असे धरते की ब्लेडशिवाय सुटत नाही. पण वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला ते नीट धरत नाही. म्हणून ठिगळ लावण्यात अर्थ नसतो. एक कोपरा गळत असला तरी आतला सगळा थर, चारी उभे कोपरे आणि तळाच्या चारी बाजू, काढून नव्याने सलग घालावा लागतो. काचांमधला थर मी भिंग घेऊन पाहिला. तो सगळीकडे काळाभोर, एकसंध होता. त्या डाव्या सांध्यात एका जागी बारीकशी वाट पडली होती तेवढीच. वरच्या कडेला आडव्या बसवलेल्या काचेच्या पट्ट्याही घट्ट होत्या. या पट्ट्या शोभेसाठी नसतात. लांब काचा मध्यावर बाहेर फुगू नयेत म्हणून त्या असतात. त्यातली एखादी निघाली असेल तर आधी ती बसवावी.

जुना थर काढण्याचे काम कंटाळवाणे, आणि तेच खरे काम. धारदार ब्लेड काचेला जवळजवळ आडवे धरून थर उचलावा. ब्लेडचे टोक दोन काचांच्या मध्ये जाऊ देऊ नये, नाही तर टाकीला उभे धरणारा थरच कापला जातो. हातमोजे घालावेत. थर निघाल्यावर काच स्वच्छ दिसते, पण ती दिसते तेवढी स्वच्छ नसते. जुन्या सिलिकॉनची अदृश्य झिल्ली तिच्यावर राहते. बोट फिरवून पाहावे. जेथे बोट अडखळते तेथे झिल्ली आहे असे समजावे आणि पुन्हा ब्लेड फिरवावे. शेवटी ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या कापडावर घेऊन दोनदा पुसावे. त्यानंतर त्या जागेला उघडे बोट लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणा पुरेसा असतो.

कन्येने या कामासाठी आपली नखांचा रंग पुसण्याची बाटली मोठ्या उदार मनाने पुढे केली. तिचे आभार मानून ती परत केली. त्या बाटलीत ॲसिटोनबरोबर सुगंध आणि तेल असते, आणि तेच आपल्याला नको असते. आणखी एक सूचना दिवाळीच्या दिवसांत मुद्दाम द्यावीशी वाटते. ॲसिटोन आणि अल्कोहोल दोन्ही भडकन पेटतात. हे काम उघड्या हवेत, दिवसाउजेडी करावे. जवळपास पणती, उदबत्ती किंवा विडी नको.

सिलिकॉन घेताना नळकांड्यावरची अक्षरे वाचावीत. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या काही प्रकारांत बुरशी होऊ नये म्हणून औषध घातलेले असते. फरशीला ते उपकारक, माशाला घातक. आपल्याला शंभर टक्के सिलिकॉन हवे आणि त्यावर माशांच्या टाकीला चालते असे स्पष्ट छापलेले हवे. शिवाय तारीख पाहावी. जुने झालेले सिलिकॉन वाळतच नाही.

कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना सात-आठ मिलिमीटर जागा सोडून मास्किंग टेपच्या पट्ट्या लावल्या. नळकांडे गनमध्ये बसवले, तोंड तिरपे कापले आणि आधी त्या डाव्या सांध्यातली वाट दाबून भरली. मग उभे कोपरे, मग तळ, हात न थांबवता. थर दहाएक मिनिटांत वरून साय धरू लागतो, म्हणून भरणारा एक आणि बोटाने गोलसर दाबून घेणारा दुसरा असे दोघे असलेले बरे. दुसरे बोट सौ.चे होते. पुरणपोळीच्या कडा दाबणाऱ्या बोटाला हे काम शिकवावे लागत नाही. साय धरण्यापूर्वीच टेप ओढून काढली. नंतर काढली असती तर थराची कडही तिच्याबरोबर आली असती.

मग सर्व वाहनतळात व्हिनेगरचा वास भरला. रखवालदार येऊन विचारून गेला की लोणचे घालताय काय! ओला थर वाळताना त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचेच मूळ द्रव्य, बाहेर पडते. गंमत अशी की सिलिकॉन वाळायला हवेतला ओलावा लागतो. तो बाहेरून आत शिरतो आणि चोवीस तासांत दोन-तीन मिलिमीटर थर पक्का करतो. वरून हाताला कोरडे लागले तरी आत ओले असते. म्हणून एवढ्या मोठ्या टाकीला निदान सात दिवस द्यावेत, आणि वास पुरता जाईपर्यंत पाणी भरू नये.

सात दिवस म्हणणे सोपे. चौथ्या दिवशी संध्याकाळी आजोबा जिना चढून वर आले. मुलीने तिकीट लवकरचे काढले होते. परवा सकाळी निघायचे होते.

"आज भरली तर नाही का चालणार?" त्यांनी विचारले. "त्याला एकदा टाकीत पाहून गेलो असतो."

वाहनतळात जाऊन आम्ही दोघांनी थर पाहिला. बोटाला कोरडा, चकचकीत. आजोबांनी काहीच म्हटले नाही. नुसता काचेवर हात ठेवून उभे राहिले. भरली असती तर बहुधा त्या दिवशी काही झाले नसते. पण आत ओल्या असलेल्या सांध्यावर शंभर किलोचा रेटा ठेवून, माशाचे आणि काकूंच्या छताचे नशीब अजमावण्याची माझी तयारी नव्हती. 16 डिसेंबर 2022 रोजी बर्लिनमध्ये एका हॉटेलातली दहा लाख लिटरची टाकी पहाटे फुटली आणि पाण्याचा लोंढा रस्त्यावर गेला. ती ॲक्रिलिकची होती आणि आमची काचेची. परंतु पाण्याचा स्वभाव दोन्हीकडे एकच.

मी म्हणालो, "आजोबा, तीन दिवस अजून. मासा आजच आमच्याकडे आणू. पिंपासकट."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. घाईच्या टपालावर शिक्का नेहमी पुसट उमटतो."

त्या रात्री पिंप आमच्या न्हाणीघरात आले आणि आम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळीला जाऊ लागलो. माशाबरोबर त्याच्या जुन्या गाळणीचा स्पंजही आणला. तो नळाखाली धुवायचा नाही, पिंपातल्याच पाण्यात ठेवायचा. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो माशालाच मारक असतो. स्पंजात राहणारे सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जंतू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. जुना स्पंज ओला आणि जिवंत ठेवला तर ती वसाहत आयतीच मिळते. नळाच्या धुतल्या पाण्यातले क्लोरिन मात्र तिला मारते. म्हणून पिंपातले तिसरा हिस्सा पाणी रोज बदलायचे ते आदल्या दिवशी भरून ठेवलेले. हे काम कन्येने घेतले, आणि पिंपाशी बसून माशाला दिवसभराच्या बातम्या सांगण्याचेही.

आठव्या दिवशी वाहनतळात पुन्हा बारा पट्ट्या मांडल्या. पहिल्या दिवशी पाव टाकी. दुसऱ्या दिवशी अर्धी. तीन नंबरची पट्टी ओली दिसली आणि चिरंजीवांचा चेहरा उतरला. पण पाणी नळीतून वरच्या काठावर उडालेले निघाले. कड पुसून नवी पट्टी ठेवली. ती चोवीस तास कोरडी राहिली. तिसऱ्या दिवशी पूर्ण, आणि मग तशीच दोन दिवस. खालच्या काकू रोज भाजी आणायला जाताना वाकून पट्ट्या पाहत आणि न बोलता पुढे जात. शेवटच्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, "एकही ओली नाही. न्या वर." ही मंजुरी मिळाल्यावरच टाकी रिकामी केली. पाणी वाया गेले नाही; आवारातली झाडे आणि चार स्कूटर त्यात धुऊन निघाल्या. भरलेली किंवा अर्धी भरलेली टाकी कधीही उचलू नये. तळाच्या सांध्यांवर वेडावाकडा ताण येतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

खर्चाचा हिशेब विचाराल तर सिलिकॉनची दोन नळकांडी, टेपचा एक रोल, ब्लेडची पुडी, अल्कोहोलची बाटली आणि हमालांचे चहापाणी. नव्या टाकीच्या किमतीपुढे हे काहीच नाही. पण तेरा-चौदा दिवस लागले, आणि त्यांतले बहुतेक दिवस हात बांधून बसण्याचे होते. ज्यांना तसे बसता येत नाही त्यांनी खुशाल नवी टाकी घ्यावी. ज्यांच्या टाकीचा काचांमधला थरच गेला असेल, किंवा जी दोन फुटांहून उंच असेल, त्यांनी ती जाणत्या कारागिराकडे सोपवावी.

वसुबारसेच्या संध्याकाळी टाकी दिवाणखान्याच्या भिंतीला लागली, पाणी भरले, स्पंज गाळणीत बसला. मासा पिंपातून जाळ्यात आणि जाळ्यातून टाकीत उतरला आणि तासभर एका कोपऱ्यात निपचित राहिला. आम्ही कोणीच जेवायला उठेना. मग सौ. कंदील लावायला खिडकीपाशी गेली, तसा तो हळूच वळला आणि तिच्यामागोमाग काचेकडेने पुढे आला.

कन्येने नागपूरला फोन लावला आणि टाकीच्या सांध्यांची सगळी हकीकत अगदी मिलिमीटरमध्ये सांगितली. आजोबांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग विचारले, "ते सगळं ठीक आहे गं. माणसं दिसायला लागली का त्याला?"

"हो आजोबा," ती म्हणाली, "आता आईकडे बघतोय."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग आजोबा म्हणाले, "तिला सांग, दोन दाणे जास्त घाल. सणाचे दिवस आहेत."